तोंड विणण्याआधी

मालक मला कळले नाहीत, हे आधीच सांगून टाकतो. बावीस वर्षं त्यांच्या घराच्या पुढच्या खोलीत माझं दुकान आहे. मधे एक भिंत, पलीकडे ते. दिवसातून चार वेळा चहा एकत्र व्हायचा, तरी नाही कळले. घरमालक होते म्हणून मालक म्हणायचो, पण गल्लीतले बाकीचेही त्यांना मालकच म्हणायचे. त्यांच्या मालकीचं तसं फारसं काही नव्हतं.

माझं दुकान झेरॉक्सचं. पुढे त्यात पासपोर्ट फोटो आले, लग्नपत्रिका आल्या, मग फ्लेक्स आले. आमच्या पूर्व भागात कुणाचाही वाढदिवस असो, फ्लेक्सवर सगळ्यांत वर नेते, मधे वाढदिवसवाला आणि खाली शुभेच्छुकांची दोन डझन मुंडकी बसवायची ती मीच. शिवाय मी चार व्हॉट्सॲप ग्रुपचा ॲडमिन. त्यातला आमच्या दहावीच्या बॅचचा ग्रुप सगळ्यांत वाचाळ. थोडक्यात, लोकांचे चेहरे कापायचे, चिकटवायचे आणि पुढे पाठवायचे, यात माझा दिवस जायचा, आणि त्यात काही विचार करण्यासारखं असतं हे मला माहीतच नव्हतं.

मालकांचा धंदाही चेहऱ्यांचाच होता. ते तोंडं विणायचे. म्हणजे माग चालवणारे दुसरे, मालक ग्राफ काढायचे. फोटो समोर ठेवून ग्राफच्या भल्यामोठ्या कागदावर एकेक घर पेन्सिलीनं भरायचं. त्या घरांप्रमाणे पुठ्ठ्यांना भोकं पडायची, पुठ्ठे मागावर चढायचे, आणि माणसाचं तोंड कापडात उतरायचं. भिंतीवर लावायला लोक अशी तसबीर हौसेनं करून घेतात. कॉम्प्युटर आल्यावर हेच काम पोरं तासाभरात करायला लागली. मालक हातानंच करत राहिले. एका नाकाला आठ दिवस घ्यायचे.

आणि काम घ्यायच्या आधी एकच प्रश्न. "इचारलाव का?"

गिऱ्हाईक गडबडून जायचं. कुणाला विचारायचं? तर ज्याचं तोंड विणायचं त्याला. एकदा एक कार्यकर्ता त्याच्या साहेबांचा फोटो घेऊन आला. मालक म्हणाले, साहेबांची चिठ्ठी आणा. तो हसायला लागला. "अवो मालक, साहेबांचे फोटो गावभर लागलेत की."

"ते मी न्हाई लावले," मालक म्हणाले आणि चष्मा पुसायला लागले.

ते काम गेलं. अशी पुष्कळ गेली. अक्का, म्हणजे त्यांची बायको, आतून तेलुगूत काहीतरी बोलायच्या. मला तेलुगू येत नाही, पण त्याचा अर्थ समजायला भाषा यायची गरज नव्हती. मालकांवर परिणाम शून्य. एखाद्यानं फोटो टेबलावर ठेवूनच दिला, तर मालक तो पालथा घालून ठेवायचे. परवानगी येईपर्यंत तो पालथाच. मी एकदा चिडवलं, "मालक, देवांची तोंडं विणता, तेव्हा कुणाला विचारता?" ते म्हणाले, "देवाचं तोंड कुनी बघितलंय? ते आपल्याच मनाचं आस्तंय."

बरं, माणूस लाजाळू म्हणावा तर तसंही नाही. संध्याकाळी ते चौकात रिक्षाथांब्यापाशी उभे राहायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांची तोंडं खुशाल टक लावून बघायचे. बायका पदर सावरायच्या, एकदोघांनी दमही दिला होता. मी म्हटलं, "आता हे कुणाला विचारून चाललंय?" तर म्हणाले, "बघायला इचारावं लागत न्हाई. ठेवायला इचारावं लागतंय." मी दुकानात येऊन बराच वेळ त्यावर विचार केला आणि सोडून दिला.

त्यांच्या सत्तरीला मी त्यांना खूश करायचं ठरवलं. ते टेबलावर वाकलेले असताना दारातून गुपचूप फोटो काढला, छान उजळवला, आणि आठ बाय सहाचा फ्लेक्स चौकात लावला. खाली गल्लीतली सगळी मुंडकी, माझं जरा मोठं. सकाळी मालक दूध आणायला निघाले आणि फ्लेक्ससमोर थांबले. मी दुकानाच्या पायरीवरून बघत होतो, आता हसतील म्हणून. ते घरी गेले, एक चादर आणि दोन सुतळ्या घेऊन आले, शिडी मागून घेतली आणि स्वतःच्या चेहऱ्यावर चादर बांधून टाकली. बाकीची मुंडकी तशीच ठेवली.

मग दिवसभर येणारा-जाणारा चादर वर करून बघायला लागला. नुसता फ्लेक्स असता तर कुणी मान वर केली नसती. संध्याकाळपर्यंत पाच-पन्नास लोकांनी मालकांचं दर्शन घेतलं. मी चांगलाच ओशाळलो, शिवाय मला रागही आला होता. दुसऱ्या दिवशी ते नेहमीसारखे चहाला आले, येताना घरची शेंगाचटणी आणि दोन भाकरी घेऊन आले. म्हटलं, "राग आलाय का?" म्हणाले, "राग कशाचा? तुमी इचारलं न्हाई, मी झाकलं. झालं की." तो फोटो पुसून टाका असंही म्हणाले नाहीत. त्यामुळे तो माझ्या फोनमध्ये तसाच राहिला.

आता बाईंचं सांगतो. ते सांगितल्याशिवाय मालकांचं सांगून होत नाही.

बाई आम्हाला सातवीपर्यंत मराठी शिकवायला होत्या. लग्न केलं नाही, निवृत्त झाल्या, पुढे कुठे गेल्या कुणाला पत्ता नव्हता. पुण्याला मैत्रिणीकडे असतात असं ऐकून होतो. आमच्या बॅचमधला एक ठेकेदार आहे. मुलाच्या वाढदिवसाला तो अक्कलकोट रस्त्याकडच्या एका वृद्धाश्रमात फळं वाटायला गेला. आमच्याकडे ही रीतच आहे, आश्रमात केळी वाटायची आणि वाटतानाचे फोटो टाकायचे. त्या रांगेत त्याला बाई दिसल्या.

त्यानं ग्रुपवर फोटो टाकला. ठेकेदार केळी देतोय, आणि बाईंनी दोन्ही हात पुढे केलेत. खाली लिहिलं होतं, "बघा आपल्या बाईंवर काय वेळ आली." रडक्या चेहऱ्यांची रांग लागली. मला खरंच वाईट वाटलं. त्या भरात मी तो फोटो माझ्या बाकीच्या तिन्ही ग्रुपवर टाकला, वर चार ओळी लिहिल्या. त्या ओळी लोकांना इतक्या आवडल्या की फोटो कुठून कुठे गेला याचा पत्ता राहिला नाही. दोन दिवस मी खुशीत होतो, हे लपवत नाही.

मग ग्रुपचं ठरलं, बाईंचा सत्कार करायचा आणि त्यांच्या चेहऱ्याची विणलेली तसबीर द्यायची. विणणारा माझ्याच भिंतीपलीकडे. मी फोटोतली केळी आणि ठेकेदार कापून टाकले, बाईंचा चेहरा मोठा केला आणि मालकांपुढे ठेवला.

"बाईंना इचारलाव का?"

"सरप्राईज आहे मालक."

त्यांनी फोटो पालथा घातला.

"विचारलंय, विचारलंय," मी म्हटलं. सरळ खोटं बोललो. तारीख जवळ आली होती.

मालकांनी माझ्याकडे बघितलं. "माझं काम कसं हाय ठावं हाय का? म्हैनाभर रोज त्या मान्साच्या तोंडाकडं बघत बसायचं. डोळा भरायचा, व्हट भरायचा. न इचारता इतके दिस बाईमान्साच्या तोंडाकडं बघू का मी?" मग टोपी घातली. "चला, मीबी ऐकतो त्या काय म्हनल्या ते."

माझ्या गाडीवर मागे बसून आले. रस्ताभर मी काय बोलायचं ते जुळवत होतो.

बाई व्हरांड्यात होत्या. समोर चारपाच म्हाताऱ्या, आणि बाई त्यांना पेपर वाचून दाखवत होत्या. मला बघून म्हणाल्या, "तू तिसऱ्या बाकावरचा. वेलांट्या उलट्या काढायचास." मी पाया पडलो. मालकांची ओळख करून दिली. इकडचं तिकडचं बोलत होतो, तेवढ्यात बाईच म्हणाल्या, "फोटो बघितला असशील ना?"

मी मान हलवली.

"मी इथे तीन वर्षं आहे. माझ्या मर्जीनं आहे. मंगळवेढ्याच्या पुतण्याला सांगितलं होतं, पुण्यात मैत्रिणीकडे असते म्हणून. तो वाईट नाही, पण त्याला हे पटलं नसतं. आता त्याच्या सासरच्या ग्रुपवर फोटो गेला. लोक त्याला विचारतायत, आत्याला केळी मागायला लावलंस का? रविवारी न्यायला येतोय." त्यांनी पेपरची घडी घातली. "मला जायचं नाहीये रे. इथे माझ्या दोघीजणी अक्षरं गिरवायला लागल्यात."

मी म्हटलं, "पण बाई, फोटोत तुम्ही कॅमेऱ्याकडे बघताय."

"त्यानं 'बाई' म्हणून हाक मारली. बाई म्हटलं की मी वर बघते. सवय आहे."

तो फोटो सगळीकडे पाठवणारा मीच, हे मी त्या दिवशी सांगितलं नाही. लाज वाटली. मालकांना ते माहीत होतं, चहाच्या वेळी मीच त्यांना त्या ओळी वाचून दाखवल्या होत्या, पण तेही बोलले नाहीत. त्यांनी टोपी काढली आणि विचारलं, "बाई, मी कापडात तोंड विनतो. ही पोरं तुमचं विनायचं म्हन्त्यात. विनू का?"

"नको."

"बरं."

एवढंच. मी मधे पडलो, अहो बाई सगळ्यांची इच्छा आहे, प्रेमानं करतायत. मालक म्हणाले, "त्या नको म्हनल्या की." आणि टोपी घालून निघायला उठले. मग बाईंनीच त्यांना थांबवलं आणि ते कसं विणतात ते विचारलं. मालकांच्या पिशवीत ग्राफचा कागद कायम असायचा. त्यांनी तो पसरून घरं कशी भरतात ते दाखवलं. बाई चष्मा लावून बघत बसल्या.

"या घरांत अक्षर बसेल?"

"बसंल की."

बाईंनी पेन्सिल घेतली आणि फळ्याच्या कोपऱ्यात लिहायच्या तसं लिहिलं. वार, सोमवार. खाली पट, त्याच्या खाली हजर. त्या दोन शब्दांपुढे काही लिहिलं नाही. मालकांनी विचारलं, आकडे? बाई म्हणाल्या, "आकडे नंतर भरायचे असतात. आधी मोजावं लागतं."

घरी येऊन मी चारही ग्रुपवर लिहिलं, "बाईंचा फोटो कृपया सर्वांनी डिलीट करावा, त्यांना त्रास होतोय." पाचच मिनिटांत एकानं विचारलं, "कोणता फोटो?" दुसऱ्यानं तोच फोटो पुन्हा टाकला आणि लिहिलं, "हा का?" त्याला अंगठे आले. ज्यांनी आधी बघितला नव्हता त्यांनीही आता बघितला. ठेकेदार मला फोन करून भांडला, मी चांगलं काम केलं तर तुझ्या पोटात दुखतंय म्हणाला. मी दुकानात डोकं धरून बसलो. चादरीचा फ्लेक्स आठवला. झाकायला जावं तर लोक जास्त बघतात, आणि न झाकावं तरी बघतातच. मग करायचं काय? मालकांना जाऊन हेच विचारलं. ते म्हणाले, "मला काय ठावं? मी धागेवाला. कापडातला धागा उसवता येतोय. ह्यातला कसा उसवायचा?"

रविवारी मालक मला न सांगता आश्रमात गेले. मला कळलं तेव्हा मीही मागून गेलो. पुतण्या गाडी घेऊन आला होता, सोबत त्याची बायको. माणूस खरंच वाईट नव्हता, घामाघूम झाला होता बिचारा. मालक त्याच्यापुढे उभे होते.

"बाईंना इचारलाव का?"

"तुमी कोन?"

"मी तोंडं विनतो."

पुतण्याला काय समजणार? तो म्हणाला, "आत्या हाय माजी. तिला काय इचारायचं? गाव थुकालाय तोंडावर." मग त्याचं त्यालाच काहीतरी वाटलं असावं, कारण तो बाईंकडे वळला. "आत्या, येतीस न्हवं?"

बाईंनी त्याच्याकडे बघितलं, त्याच्या बायकोकडे बघितलं, व्हरांड्यातल्या म्हाताऱ्यांकडे बघितलं. "चल," म्हणाल्या. पिशवी घेतली आणि गाडीत बसल्या.

परत येताना मी म्हटलं, "मालक, त्या स्वतः हो म्हणाल्या की."

"तसलं हो मीबी लई येळा म्हनलोय," मालक म्हणाले.

त्यांनी ती अक्षरं विणून घेतली. पांढऱ्यावर काळी, बाईंच्या हाताची, 'हजर'मधल्या ज-चा दांडा जरा तिरका होता तोही तसाच. ते कापड मंगळवेढ्याला पाठवलं. सत्कार काही झाला नाही. ग्रुप पुढच्या विषयाला लागला. मी तेवढा अडकून राहिलो, कारण मालक दर महिन्या-दोन महिन्यांनी चहा पिताना विचारायचे, "मंगळवेढ्याला गेल्ताव का?" मी म्हणायचो, दिवाळीनंतर जातो. मग म्हणायचो, हुरड्याच्या दिवसांत जातो. हुरडाही होऊन जायचा. काय तोंडानं जाणार होतो? ते पुन्हा विचारायचे. आवाज चढवायचे नाहीत, आणि त्याचाच जास्त त्रास व्हायचा.

गेल्या वर्षी मालकांना झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. आता ते आतल्या खोलीत खाटेवर असतात. समोर ग्राफचा कागद ठेवला की डाव्या हातानं एखादं घर भरतात, रेघेच्या बाहेर जातं. मी रोज जाऊन बसतो. भिंतीपलीकडून कुणी काही विचारत नाही याची सवय होत नाही.

आणि यंदा आमच्या बॅचची स्मरणिका निघायची ठरली. प्रत्येकानं आपल्याला न विसरता येणाऱ्या माणसावर लिहायचं, फोटो द्यायचा. मी मालकांवर लिहिलं. नावगाव, गल्ली, सगळं घातलं. फोटोही होता, तो फ्लेक्सवाला, टेबलावर वाकलेले. त्यांचा दुसरा फोटो कुणाकडेच नाही.

पानं घेऊन त्यांच्या खाटेपाशी बसलो. पहिल्यांदाच रीतसर विचारलं. "मालक, तुमच्यावर लिहिलंय. छापू का?"

त्यांनी मान हलवली. हो.

मला इतका आनंद झाला की डोळे भरून आले. फोन काढून फोटो दाखवला. "हा देऊ का?" हो. अक्का दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "आता सगळ्यालाच हो म्हन्त्यात ते. जेवलाव का, हो. जेवला न्हाई का, हो."

मी पुन्हा विचारलं. "मालक, नको ना छापू?"

त्यांनी माझ्याकडे बघत तितक्याच मायेनं मान हलवली. हो.

मी फोन खिशात घातला. आयुष्यभर दुसऱ्याची मर्जी विचारत फिरलेला माणूस, आणि आता त्याची मर्जी कुणाला विचारायची? अक्का म्हणाल्या, छापा की, चांगलंच लिहिलं असंल. पण मालक पूर्वीसारखे असते तर त्यांना हे चाललं नसतं, एवढं एक मला कळलं होतं. आणि तिथेच दुसरी गोष्ट लक्षात आली. या पानांत बाईही आहेत. बाईंना अजून 'नको' म्हणता येतं.

दुसऱ्या दिवशी सकाळची एसटी पकडून मंगळवेढ्याला गेलो. बाई पुढच्या खोलीत होत्या, थकल्या होत्या. भिंतीवर ते कापड होतं. मी आधी सांगितलं, तो फोटो सगळीकडे पाठवणारा मी होतो. बाई म्हणाल्या, "माहीत आहे. वर तुझ्या ओळी होत्या. वेलांट्यांवरून ओळखलं." मी रडलो. त्यांनी रडू दिलं, समजूत वगैरे घातली नाही.

मग पानं त्यांच्या हातात दिली, सोबत मालकांच्या फोटोची छापलेली प्रत. त्यांनी सगळी वाचली. लाल पेन मागवलं. दोन ठिकाणी चार-चार ओळी खोडल्या. त्यात काय होतं ते आता इथे नाही, आणि मी सांगणारही नाही. बाकीच्यावर बारीक बरोबरची खूण केली. शेवटच्या पानाशी थांबल्या.

"त्यांना विचारलंस?"

"विचारलं. हो म्हणाले."

"आणि नको का, म्हणून विचारलंस?"

"तेव्हाही हो म्हणाले."

बाईंनी फोटो उचलला, त्याच्याकडे न बघता मला परत दिला. मग पहिल्या पानावर गेल्या आणि जिथे जिथे मालकांचं नाव होतं तिथे तिथे, एकही न सोडता, सावकाश लाल रेघ मारत आल्या.